पांढऱ्या भुकटीचे दुखणे : जुन्या चेन सॉमधील मॅग्नेशियमची निगा आणि दुरुस्ती

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर रांजणगावचा महागणपती मागे टाकला की कारेगाव लागते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या या गावाच्या एका अंगाला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आहेत, तर दुसऱ्या अंगाला घोड आणि भीमेच्या खोऱ्यातील ऊस, कांदा आणि बांधावरच्या बाभळी. शेती आणि कारखानदारी अशी शेजारी नांदत असल्याने या पट्ट्यात यंत्र सहसा भंगारात जात नाही. ते आधी दुरुस्तीला जाते आणि त्यानंतरही जमले नाही, तरच भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. लाकूड कापण्याची पेट्रोलवरची करवत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला 'चेन सॉ', हे अशाच यंत्रांपैकी एक.

असे जुने यंत्र दोन-तीन पावसाळे गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिले, की त्याच्या अंगावर एक वेगळेच दुखणे दिसू लागते. रंगाला फोड येतात, फोड फुटले की आतून मिठासारखी पांढरी भुकटी गळते आणि खाली धातूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले असतात. पाहणारा म्हणतो, 'ॲल्युमिनियम खराब झाले.' बहुतेक वेळा ते ॲल्युमिनियम नसतेच. ते मॅग्नेशियम असते, आणि निदानच चुकले की उपायही चुकतो. लोखंडाचा गंज काढणारे आम्ल त्यावर ओतले जाते, तारेच्या ब्रशने ते घासले जाते, ग्राइंडर लावला जातो. या तिन्ही उपायांनी दुखणे वाढते आणि शेवटच्या उपायात तर आगीचा धोकाही असतो. म्हणूनच या धातूची ओळख, त्याचे क्षरण आणि त्याची दुरुस्ती यांची माहिती एकत्रितपणे देण्याचा हा प्रयत्न.

हलकेपणासाठी निवडलेला धातू

मॅग्नेशियम आपल्याला अनोळखी नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत चिमट्यात धरून जाळलेली आणि डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश देणारी फीत याच धातूची. पित्तावर घेतले जाणारे 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' म्हणजे याच धातूचे हायड्रॉक्साइड. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हा धातू प्रथम वेगळा केला. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम असते. ॲल्युमिनियमची २.७, तर लोखंडाची ७.८७. म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन तृतीयांशाहून कमी आणि लोखंडाच्या पाव हिश्श्याहूनही कमी वजन. बांधणीच्या कामात वापरल्या जाणाऱ्या धातूंमध्ये याहून हलका धातू नाही.

चेन सॉच्या इतिहासात वजन हा कळीचा प्रश्न होता. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. ही पेट्रोलची करवत ४६ किलोची होती आणि ती उचलायला दोन माणसे लागत. एका माणसाने चालवायची १९५० सालची करवत १६ किलोवर आली, तर १९५९ मधील 'कॉन्ट्रा' हे यंत्र १२ किलोच्या आसपास होते. ही घट इंजिनाच्या सुधारणेमुळे झाली, तशीच हलक्या धातूंच्या ओतकामामुळेही झाली. क्रँककेस, क्लचचे झाकण, स्टार्टरचे झाकण, जुन्या यंत्रांत तर पेट्रोलची टाकी आणि मागची मूठसुद्धा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओतली जाऊ लागली. हा धातू साच्यात सहज वाहतो, त्याचे पातळ पण ताठ कवच तयार करता येते. दिवसभर यंत्र हातात धरून उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याला प्रत्येक किलोचा हिशेब कळत असतो.

फोक्सवॅगनच्या जुन्या 'बीटल' मोटारीच्या इंजिनाचे कवचही मॅग्नेशियमचे होते. मोटारीच्या शौकिनांमध्ये रूढ असलेला 'मॅग व्हील' हा शब्द याच धातूवरून आला. आज त्या नावाने विकली जाणारी बहुतेक चाके मात्र ॲल्युमिनियमची असतात.

क्षरण का होते?

शहरी वाचकाला याचे उत्तर स्वतःच्या न्हाणीघरातच सापडेल. पाणी साठवून तापवणाऱ्या गिझरच्या टाकीत सहसा मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. टाकीचे लोखंड गंजू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजते आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि त्यांच्यामध्ये ओलावा असेल, तर तेथे एक लहानशी विद्युत घटमाला तयार होते आणि अधिक क्रियाशील धातू विरघळू लागतो. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या धातूंमध्ये मॅग्नेशियम सर्वांत क्रियाशील. त्यामुळे सोबत कोणताही धातू असो, बळी जातो तो मॅग्नेशियमचाच.

गिझरमध्ये ही गोष्ट मुद्दाम घडवून आणलेली असते. चेन सॉमध्ये तीच नको असताना घडते. मॅग्नेशियमच्या कवचात पोलादाचे स्क्रू, पोलादाचे बेअरिंग आणि पट्टी धरून ठेवणारे पोलादाचे खुंट बसवलेले असतात. कवच कोरडे आणि रंगाने झाकलेले असेपर्यंत काही बिघडत नाही. स्क्रूच्या डोक्याखालचा रंग निघाला आणि तेथे पाणी साचले, की तो स्क्रू लोखंडाच्या टाकीसारखा सुरक्षित राहतो आणि भोवतालचे कवच गिझरच्या कांडीसारखे झिजू लागते. पांढरी भुकटी बहुधा स्क्रूच्या भोवतीच प्रथम दिसते, त्याचे कारण हेच.

दुसरे कारण धातूच्या स्वभावात आहे. ॲल्युमिनियमवर तयार होणारा ऑक्साइडचा थर घट्ट आणि सलग असतो, तो खालच्या धातूचे रक्षण करतो. मॅग्नेशियमचा ऑक्साइड खालच्या धातूपेक्षा कमी जागा व्यापतो. साहजिकच तो पृष्ठभाग पूर्ण झाकू शकत नाही. ओलाव्यात त्याचे हायड्रॉक्साइड होते, हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काही भाग कार्बोनेटमध्ये बदलतो, आणि हा फुगलेला पांढरा थर रंगाला आतून वर ढकलतो. मिठातील क्लोराइड त्यात मिसळले, तर उरलेसुरले संरक्षणही संपते.

तिसरे कारण ओतकामाच्या शुद्धतेचे. मॅग्नेशियममध्ये लोखंड, निकेल वा तांबे यांचा अंशही शिरला, तर आतल्या आतच असंख्य सूक्ष्म घटमाला तयार होतात. ओतकामासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या 'एझेड ९१' या मिश्रधातूत सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि पाऊण टक्क्याच्या आसपास जस्त असते. १९८० च्या दशकात त्याची 'डी' ही अधिक शुद्ध जात वापरात आली. तीत लोखंडाचे प्रमाण ०.००५ टक्क्यांच्या आत आणि निकेलचे ०.००२ टक्क्यांच्या आत ठेवले जाते. त्याआधीच्या यंत्रांचे कवच याबाबतीत अधिक नाजूक असते. त्यामुळे दोन सारख्याच दिसणाऱ्या यंत्रांपैकी जुने यंत्र लवकर खराब झाले, तर त्याचा दोष नेहमीच मालकाच्या हलगर्जीपणाकडे जात नाही.

कोकणात मीठ, देशावर पोटॅश

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर वर्षभराने, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आले. दोन्ही वेळी रस्ते मोकळे करण्याच्या कामात चेन सॉ हे प्रमुख हत्यार होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांपासून गावकऱ्यांपर्यंत अनेकांनी ते हाती घेतले. मुसळधार पाऊस, खारा वारा आणि ओला भुसा यांत दिवसचे दिवस चाललेले यंत्र काम संपल्यावर तसेच ठेवून दिले, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच्या कवचाची काय अवस्था होईल, हे सांगायला नको.

शिरूर आणि दौंड तालुके समुद्रापासून दूर आणि पर्जन्यछायेत. येथे खारा वारा नाही. तरीही पांढरी भुकटी येथील यंत्रांनाही सोडत नाही. तिची कारणे अंगणातच असतात. उसाला घातले जाणारे म्युरेट ऑफ पोटॅश हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड असते. म्हणजे मिठाचेच भावंड. खताच्या फुटक्या गोणीशेजारी ठेवलेला चेन सॉ घरबसल्या समुद्रकिनाऱ्याचा अनुभव घेत असतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने यंत्र धुऊन ते न पुसता ठेवणे हे दुसरे कारण. तिसरे कारण भुसा. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणूनच तिची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जात आली आहे. तेलात भिजलेला असा आम्लधर्मी भुसा क्लचच्या झाकणाखाली दाबून बसला, की तो ओल्या पोटिसासारखा धातूला चिकटून राहतो.

चौथे कारण टाकीतले. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. ज्या उसापासून यातील बरेचसे इथेनॉल येते, तो याच पट्ट्यात पिकतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीत पेट्रोल महिनोन् महिने राहिले आणि पाण्याचे प्रमाण वाढले, तर पाणी आणि इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकी मॅग्नेशियमची असेल, तर हा थर तिला आतून खातो. यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय. इथेनॉलचे प्रमाण किती चालेल, यावर अनेक उत्पादक आपल्या माहितीपुस्तिकेत मर्यादा घालतात. ती पाहूनच इंधन भरावे.

आधी ओळख पटवा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कोणता भाग मॅग्नेशियमचा आणि कोणता ॲल्युमिनियमचा, हे ठरवणे अत्यावश्यक आहे, कारण दोघांना चालणारी रसायने नेमकी उलट आहेत. यासाठी दोन सोप्या चाचण्या पुरेशा होतात.

पहिली व्हिनेगरची. भागाच्या आतल्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या ठिकाणी, कानशीने नखाएवढी जागा चकचकीत करावी आणि तिच्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतात. ॲल्युमिनियमवर तेवढ्या वेळात काही दिसत नाही. चाचणी होताच ती जागा पाण्याने धुऊन कोरडी करावी.

दुसरी वजनाची. सुटा केलेला भाग काट्यावर तोलावा, मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडालेल्या स्थितीत पुन्हा तोलावा. वजनात जितक्या ग्रॅमची घट, तितके घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. समजा, ४५० ग्रॅमच्या झाकणाचे वजन पाण्यात २५० ग्रॅमने कमी भरले, तर घनता १.८ येते आणि ते मॅग्नेशियमचे ठरते. हीच घट १६७ ग्रॅमच्या आसपास असती, तर ते ॲल्युमिनियम असते. या चाचणीपूर्वी त्या भागातील पोलादाचे स्क्रू आणि रबर काढलेले असावेत.

सामान्यतः सिलिंडर आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. कार्ब्युरेटरही मॅग्नेशियमचा नसतो. हे भाग बाजूला ठेवावेत.

स्वच्छतेचा क्रम

सर्वप्रथम प्लगची टोपी काढावी, टाकी रिकामी करावी, साखळी व पट्टी उतरवावी. भाग सुटे करताना प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू एका पुठ्ठ्यावर त्यांच्या जागेनुसार खोचून ठेवावेत. अडकलेल्या स्क्रूवर जोर करू नये. झिजलेल्या मॅग्नेशियममधील आटे स्क्रूसोबतच बाहेर येतात. गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर वाट पाहणे केव्हाही स्वस्त.

तेल आणि भुसा यांचा थर रॉकेल वा डिझेलमध्ये भिजवून, बांबूच्या कामटीने आणि जुन्या टूथब्रशने काढावा. त्यानंतर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून (लिटरला एक-दोन चमचे पुरेत) फक्त मॅग्नेशियमचे भाग त्यात काही वेळ बुडवावेत. हातात रबरी मोजे असावेत. येथे या धातूचा एक अनपेक्षित गुण कामी येतो. आम्लात क्षणार्धात फसफसणारे मॅग्नेशियम तीव्र अल्कधर्मी द्रावणात मात्र शांत राहते. ॲल्युमिनियमचे याच्या उलट असते. सोड्याने ते काळवंडते आणि कॉस्टिक सोड्यात तर विरघळू लागते. सिलिंडर चुकूनही या द्रावणात जाता कामा नये.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, फरशी साफ करण्याचे ॲसिड आणि लोखंडाचा गंज काढणारी तयार द्रावणे या सर्वांना येथे मज्जाव आहे. पितळेची भांडी लखलखीत करणारी चिंच मॅग्नेशियमला मात्र खाऊन टाकते.

सैल झालेली भुकटी निघाल्यावर घट्ट बसलेला थर घासावा लागतो. त्यासाठी भांडी घासायची हिरवी घासणी, नायलॉनचा ब्रश किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पॉलिश पेपर वापरावा. लोखंडी तारेचा वा पितळेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि प्रत्येक कण नव्या खड्ड्याचे बीज ठरतो. वाळूच्या माऱ्याने साफ करायचे असेल, तर काचेचे मणी किंवा कोरे ॲल्युमिनियम ऑक्साइडच वापरले जाईल, याची खात्री करावी. लोखंडी वस्तूंवर आधी वापरलेली वाळू येथे चालत नाही.

खड्ड्याच्या तळाशी धातू चकचकीत दिसेपर्यंत काम संपले असे समजू नये. राखाडी-पांढरा ठिपका उरला, तर त्यात क्लोराइडही उरते आणि नव्या रंगाखाली दुखणे पुन्हा सुरू होते. शेवटी शुद्ध केलेल्या, म्हणजे आरओच्या किंवा बॅटरीत घालण्याच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन भाग लगेच पुसावा आणि कडक उन्हात वा गरम हवेने पूर्ण कोरडा करावा.

जुन्या यंत्रांच्या आतल्या बाजूस कधी कधी सोनेरी-तपकिरी पातळ थर दिसतो. तो घाणीचा असेलच असे नाही. पूर्वी मॅग्नेशियमच्या रक्षणासाठी क्रोमेटची प्रक्रिया केली जात असे, तिचा हा थर असू शकतो. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. असा थर शाबूत असेल तर तसाच राहू द्यावा. त्याची कोरडी भुकटी उडवू नये. कारखान्यांत क्षरण काढण्यासाठी वापरले जाणारे क्रोमिक आम्लही याच कारणाने घरगुती कामासाठी वर्ज्य समजावे.

आगीचा धोका : भीती नको, भान हवे

मॅग्नेशियमचे जाड कवच सहजी पेट घेत नाही. त्याची उष्णता पटकन पसरते आणि तापमान वितळणबिंदूच्या, म्हणजे ६५० अंश सेल्सिअसच्या जवळ जावे लागते. बारीक भुकटी आणि पातळ किस यांची गोष्ट वेगळी. त्यांना एक ठिणगी पुरते. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मान्स येथील मोटारशर्यतीत ऐंशीहून अधिक जणांचा बळी घेणारा भीषण अपघात झाला. त्यातील मोटारीची बाह्यरचना मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. आगीवर मारलेल्या पाण्याने ज्वाळा आणखी भडकल्या. जळते मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करते आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही जळत राहते. त्यामुळे पाणी आणि नेहमीचे कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे दोन्ही निरुपयोगी, किंबहुना घातक ठरतात.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. घासण्याचे काम हाताने आणि उघड्यावर करावे. ग्राइंडर लावू नये. ज्या चाकावर आधी लोखंड घासले आहे, त्यावर तर मुळीच नाही. भुकटी साचू न देता वारंवार गोळा करावी. ओली भुकटी झाकणबंद डब्यात ठेवू नये, तिच्यातून हायड्रोजन निघतो. शेजारी पूर्ण कोरड्या वाळूची बादली किंवा धातूंच्या आगीसाठीची 'डी' वर्गाची पावडर असावी. भुकटीने पेट घेतलाच, तर वाळू हलक्या हाताने पसरून ती झाकावी. जोरात फेकल्यास जळती भुकटी उडते. रॉकेलचा डबा आणि पेट्रोल या जागेपासून दूर असावे, हे वेगळे सांगायला नको.

काय वाचवावे, काय टाकावे

दुरुस्तीचा खरा प्रश्न येथे येतो. चेन सॉची साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर वेगाने फिरते. पट्टीचे टोक लाकडात अडकून यंत्र उसळी मारते, तेव्हा चालवणारा आणि साखळी यांच्यामध्ये चेन ब्रेक आणि त्याला धरून ठेवणारे धातूचे कान एवढेच उभे असतात. ते कान आतून पोखरलेले असतील आणि वरून पुट्टी व रंग लावून यंत्र नव्यासारखे केले असेल, तर ती दुरुस्ती नव्हे, दडवलेला अपघात होय. हे यंत्र चालवणारा पुष्कळदा मालक नसतो. तो रोजंदारीवरचा मजूर असतो आणि रंगाखाली काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ढोबळ नियम असा, की केवळ झाकण्याचे काम करणारे भाग वाचवावेत आणि ताण सोसणारे भाग संशय येताच बदलावेत. स्टार्टरचे झाकण, हवा गाळणीचे आवरण यांवरील वरवरचे खड्डे दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने भरता येतात. चेन ब्रेक, मुठी आणि कंप शोषणारी रबरे जेथे बसतात त्या जागा, पट्टीचे खुंट आणि बेअरिंगची बैठक यांवर पुट्टीला स्थान नाही. कामटीने किंवा बोथट टोच्याने दाबून पाहावे. धातू कुरकुरला, पापुद्रा निघाला किंवा केसासारखी भेग दिसली, तर तो भाग बाद समजावा.

गेलेले आटे मात्र वाचवता येतात. भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात तारेची सर्पिल पुंगळी, अर्थात 'हेलिकॉइल', बसवली जाते. ही पुंगळी बहुधा स्टेनलेस पोलादाची असते आणि मॅग्नेशियमच्या दृष्टीने स्टेनलेस हा वाईट शेजारी. म्हणून ती कोरडी न बसवता इपॉक्सी वा तत्सम सीलंट लावून बसवावी, म्हणजे दोन धातूंच्या मध्ये ओलावा शिरत नाही.

भेग किंवा तुटका कोपरा जोडण्यासाठी वेल्डिंग शक्य आहे. आपल्याकडे 'आर्गन वेल्डिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने, प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावर आणि मॅग्नेशियमचीच कांडी वापरून ते केले जाते. ॲल्युमिनियमची कांडी वापरल्यास जोड ठिसूळ होतो. त्यामुळे वेल्डरला भाग देण्यापूर्वी 'हे मॅग्नेशियम आहे' असे स्पष्ट सांगावे आणि त्याच्याकडे त्या धातूची कांडी आहे का, हे विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर भाग परत आणावा. वर्षानुवर्षे तेल प्यायलेल्या ओतीव भागातून वेल्डिंगच्या वेळी तेल बाहेर येते आणि जोड सच्छिद्र होतो. म्हणून आधीची स्वच्छता येथेही निर्णायक ठरते.

रंग आणि जुळणी

उघडे पडलेले मॅग्नेशियम हवेतील ओलाव्याची वाट पाहत असते. भाग कोरडा झाला, की त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. हलक्या धातूंवर चालणारा इपॉक्सी प्रायमर दोन पातळ हातांत लावावा आणि तो पूर्ण वाळल्यावर वरचा रंग द्यावा. सायलेन्सरजवळच्या भागाला उष्णता सोसणारा रंग लागतो. दोन भाग जेथे एकमेकांवर बसतात त्या सपाट जागा, बेअरिंगची बैठक आणि आटे यांवर रंग येऊ नये म्हणून चिकटपट्टी लावावी.

जुळणी करताना प्रत्येक स्क्रू हा संभाव्य शत्रू आहे, असे धरून चालावे. स्टेनलेसचे चकाकते स्क्रू मोहात पाडतात. पण जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू येथे अधिक बरे. डोक्याखाली ॲल्युमिनियमचा वा नायलॉनचा वायसर घालावा आणि आट्यांना साधे ग्रीस लावावे. तांब्याचे कण असलेले ग्रीस इतरत्र उत्तम असले, तरी मॅग्नेशियमसाठी ते नको. क्रँककेसचे पॅकिंग नेहमी नवे वापरावे आणि स्क्रू थोडे थोडे करून, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

यंत्र सुरू करण्यापूर्वी शेवटची कसोटी गळतीची. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हा हवा-इंधनाच्या मार्गाचाच भाग असतो. पोखरलेल्या कवचातून किंवा बसक्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत शिरली, तर मिश्रण विरळ होते, तेल कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. इंजिनाची तोंडे बंद करून आत अर्ध्या बारच्या आसपास हवेचा दाब द्यावा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावावे. फेस फुगला, तेथे गळती. त्यानंतर तितक्याच निर्वातावरही तपासावे. हे उपकरण चांगल्या दुरुस्ती केंद्रात असते. ही चाचणी न करता यंत्र परत देणाऱ्या कारागिराला तिच्याविषयी जरूर विचारावे. यंत्र सुरू झाल्यावर पहिली तपासणी चेन ब्रेकची करावी आणि मगच लाकडाला हात लावावा.

निगा : पाच मिनिटांचे काम

दुरुस्तीपेक्षा निगा सोपी, हे सूत्र येथेही लागू पडते. काम संपताच क्लचचे झाकण काढून भुसा झटकावा. पावसात काम झाले असेल तर यंत्र गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. पाण्याचा फवारा मारू नये. रंग उडालेल्या जागी लगेच प्रायमरचे बोट फिरवावे. यंत्र खते, मीठ आणि कीटकनाशके यांच्यापासून दूर, जमिनीपासून उंच आणि हवेशीर जागी टांगावे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणे ही काळजी वाटते, प्रत्यक्षात ती ओलावा कोंडून ठेवते.

हे सारे करूनही एखादे यंत्र वाचत नाही. अशा वेळी त्याचे चांगले भाग दुसऱ्या यंत्रासाठी काढून घ्यावेत आणि मॅग्नेशियमचे भाग भंगारवाल्याला वेगळे करून, नाव सांगून द्यावेत. ॲल्युमिनियमच्या ढिगात मिसळलेले मॅग्नेशियम भट्टीवरच्या माणसाला अडचणीचे ठरते.

जुने यंत्र वाचवण्यात काटकसर आहे, कारागिरीचा आनंदही आहे. मात्र खड्ड्यावर रंग लावायचा की खड्ड्याचा तळ पाहायचा, याचा निर्णय दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती असतो आणि त्याचे परिणाम ते यंत्र पुढे ज्याच्या हाती जाते, त्याला भोगावे लागतात. पांढरी भुकटी दिसली की एवढे लक्षात ठेवले, तरी पुरे.